सैन्य कोणाचं, हे विचारणारा माणूस



लोकशाही आणि लष्कर हा विषय निघाला की आपल्या गप्पा हटकून शेजारच्या देशाकडे वळतात. तिकडे १९५८ साली अयुब खान, १९७७ साली झिया, १९९९ साली मुशर्रफ. आपल्याकडे एकदाही नाही. मग कोणीतरी समाधानाने म्हणतं, आपलं सैन्य मुळातच शिस्तीचं! मला हे उत्तर पुरत नाही. फाळणीपर्यंत दोन्ही सैन्यं एकच होती. मेस तीच, कवायत तीच, अधिकारी त्याच सँडहर्स्टमधून आणि डेहराडूनमधून बाहेर पडलेले. शिस्त दोघांनाही एकाच गुरूने लावली होती. मग वाटा कुठे फुटल्या?

या प्रश्नाचा निम्मा भाग फाळणीच्या सात वर्षं आधी एका अभ्यासकाने लिहून ठेवला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घटनाकार आंबेडकर, अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर यांच्यावर या व्यासपीठावर पुष्कळ ऐकलं असेल. लष्कराचे अभ्यासक आंबेडकर मात्र आपण फारसे वाचत नाही.

त्यांना सैन्य पुस्तकातून भेटलं नव्हतं. जन्म महूच्या छावणीतला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिकवत. आणि आजोळ इथलं, आपल्या ठाणे जिल्ह्यातलं, मुरबाडचं. धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवलं आहे की आई भीमाबाईंचे वडील आणि त्यांचे सहाही चुलते सुभेदार-मेजर होते. कल्याणहून एसटीने मुरबाडला जाताना मला ही गोष्ट नेहमी आठवते. एका अस्पृश्य कुटुंबातले इतके पुरुष त्या हुद्द्यापर्यंत पोहोचले, आणि त्यांच्या नातवाच्या लहानपणीच, १८९२च्या सुमारास, महारांची भरती बंद झाली. लढाऊ जमातींचा सिद्धान्त तेव्हा जोरात होता. कोकणातल्या गोपाळबुवा वलंगकरांनी, जे स्वतः निवृत्त लष्करी होते, १८९४ साली सरकारकडे अर्ज तयार केला. उपयोग झाला नाही. एका जातीसाठी सैन्याचं दार कोण उघडतो आणि कोण लावतो, हा आंबेडकरांच्या घरातला प्रश्न होता. राज्यशास्त्राचा प्रश्न तो नंतर झाला.

मार्च १९४०मध्ये मुस्लीम लीगने लाहोरचा ठराव केला. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्यावर विचार करायला समिती नेमली, तेच तिचे अध्यक्ष. त्यातून वर्षअखेरीस ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक आलं. त्यात संरक्षणावरच्या प्रकरणात ते तीन गोष्टी एकेक करून तपासतात: सरहद्द, साधनसंपत्ती आणि सैन्य. पहिल्या दोन गोष्टींविषयी तेव्हा सगळेच बोलत होते. हिंदुकुशाची नैसर्गिक सीमा गेली तर काय, महसूल किती उरेल, वगैरे. तिसरी गोष्ट बोलायला कोणी धजत नव्हतं, आणि आंबेडकर ती थेट आकड्यांवर नेतात.

आकडे मूळचे नीरद चौधरींच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मधल्या लेखमालेतले. हे चौधरी काही काळ लष्करी हिशोबखात्यात कारकून होते, त्यामुळे सैन्याची बेरीज-वजाबाकी कुठे सापडते हे त्यांना ठाऊक होतं. त्या तक्त्यानुसार पायदळात पंजाब, सरहद्द प्रांत आणि काश्मीर यांचा वाटा १९१४ साली ४७ टक्के होता. १९३० साली तो ५८.५ टक्के झाला. त्याच काळात दक्षिण भारताचा १६ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आला. १९३०नंतरचं काय? मध्यवर्ती कायदेमंडळात सभासद विचारत राहिले आणि सरकार आकडे द्यायचं नाकारत राहिलं. आंबेडकरांनी त्या नकाराचीही दखल घेतली. सरकार जे लपवतं त्यालाच महत्त्व असतं, हे त्यांना नेमकं कळत होतं.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. सैन्यावरचा पैसा मुख्यतः एका भागातून येतो आणि सैनिक दुसऱ्याच भागातून. असं सैन्य राष्ट्राच्या संकटात कोणाचा हुकूम मानेल? सीमा पक्की आणि सैन्य बेभरवशाचं, की सीमा कच्ची आणि सैन्य भरवशाचं, अशी निवड करायची झाली तर त्यांचा कौल दुसऱ्या पर्यायाला होता. हे वाचताना आज अवघडायला होतं, हेही सांगतो. मुस्लीम सैनिकांच्या निष्ठेविषयी त्यांनी घेतलेली शंका आपण जशीच्या तशी उचलू शकत नाही, उचलूही नये. १९४८च्या लढाईत झांगरला पडलेले ब्रिगेडियर उस्मान आपल्याला माहीत आहेत. पण शंका बाजूला ठेवली तरी पद्धत उरते. सैन्याकडे त्यांनी शौर्याच्या भाषेत पाहिलं नाही. भरती कुठून होते, पगार कोण देतं आणि हुकूम कोणाचा चालतो, या तीन प्रश्नांतून पाहिलं.

येल विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ स्टीव्हन विल्किन्सन यांनी २०१५ साली ‘आर्मी अँड नेशन’ हे पुस्तक लिहिलं. भारतात लष्करी उठाव का झाला नाही याचा तो बहुधा सर्वांत काटेकोर अभ्यास, आणि त्याचा पाया आंबेडकरांच्याच प्रश्नावर आहे. फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला एकाच प्रांताचा वरचष्मा असलेलं सैन्य आलं, आणि त्याला तोंड देईल असा मुळं धरलेला पक्ष नव्हता. भारताकडे सैन्य तुलनेने मिसळलेलं आलं, आणि काँग्रेस होती. पण इथेही सगळं आपोआप झालं नाही. इंग्रजांच्या काळात सरसेनापती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य असे. १९४२ ते ४६ मजूर खातं सांभाळताना आंबेडकर त्याच मंडळात बसत. स्वातंत्र्यानंतर सरसेनापतीची ती जागा गेली, तिन्ही दलांचे प्रमुख वेगळे आणि बरोबरीचे झाले. सरसेनापतीच्या दिल्लीतल्या बंगल्यात पंतप्रधान राहायला गेले; तोच तीन मूर्ती. निवृत्त करिअप्पांना उच्चायुक्त करून ऑस्ट्रेलियाला पाठवलं गेलं. राज्यघटनेच्या ५३व्या कलमाने सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलं, पण ते कायद्याने चालेल असं बजावून. यात सैनिकाच्या सद्‌गुणांवर काहीच सोपवलेलं नाही. सगळी कड्याकुलुपांची व्यवस्था.

कुलुपं घट्ट बसली. पण आत काय चाललंय हे विचारणारं कोणी असावं लागतं, आणि तिथे आपण कमी पडलो. १९५९ साली पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे, त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाचा आराखडा दिला. मार्च १९६०मध्ये लखनौला त्याचा सरावही करून दाखवला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी लक्ष दिलं नाही. १९६१ साली लष्करप्रमुखपद थोरातांऐवजी थापरांकडे गेलं. नागरी नियंत्रण होतं का? पुरेपूर होतं. जाणकारी नव्हती. सैन्यातून निवृत्त होऊन राज्यशास्त्राकडे वळलेले अनित मुखर्जी ‘द ॲबसेंट डायलॉग’ या २०१९च्या पुस्तकात नेमकं हेच मांडतात: आपले नागरी सत्ताधीश सैन्याला आवरतात, पण सैन्याशी बोलत नाहीत.

यशवंतराव चव्हाण याला अपवाद. नोव्हेंबर १९६२मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि तिन्ही दलप्रमुखांशी रोज सकाळी बसायची प्रथा पाडली. १ सप्टेंबर १९६५ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. त्या दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग विमानं वापरायची परवानगी मागायला आले. यशवंतरावांनी काही मिनिटांत ती दिली, मंत्रिमंडळाची वाट न पाहता. तीन वर्षं रोज बसल्याशिवाय असा होकार निघत नाही. पण त्याच यशवंतरावांच्या कारकिर्दीत, १९६३ साली, १९६२च्या चीनविरुद्धच्या पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल संसदेपुढे आला नाही. त्यांनी निष्कर्षांचं निवेदन केलं, अहवाल कुलुपातच राहिला. मोठ्या माणसाच्या खात्यावर ही नोंदही हवीच.

आणि पुढे? २००६ साली सच्चर समितीने लष्कराकडे मुस्लिमांची संख्या मागितली, तेव्हा एवढं वादळ उठलं की समितीच्या अहवालात लष्कराचा आकडा आलाच नाही. १९३०च्या दशकातल्या इंग्रज सरकारचं उत्तर आणि हे उत्तर शेजारी ठेवून बघा. २०१८च्या मार्चमध्ये लोकसभेने संरक्षणासह सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना, गिलोटिनने, मंजूर केल्या. त्या आठवड्यात कुठल्या वाहिनीवर यावर चर्चा झाल्याचं कोणाला आठवतं का? सैनिकाला सलाम करायला आपण कधी चुकत नाही. त्याच्या खात्याचा हिशोब मागितला की मात्र देशद्रोहाचा वास येतो.

हा हिशोब मागायला दिल्लीलाच जायला हवं असं नाही. कल्याणच्या पलीकडे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी लष्करी छावणी वसवली. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या, आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ला तिचं उल्हासनगर झालं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतो. छावणी नागरिकांना मिळाली, कारण तेव्हा निर्णय करणाऱ्यांना तो करणं भागच होतं.

कल्याणजवळच्याच नेवाळीत उलटं घडलं. त्याच युद्धात विमानतळासाठी जमीन घेतली, युद्ध संपल्यावर परत मिळाली नाही, असं तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं. नौदल आपला हक्क सांगतं. २२ जून २०१७ला तिथे गाड्या पेटल्या, पोलीस जखमी झाले, आंदोलकही जखमी झाले. दोन दिवस बातम्या आल्या. त्यानंतर या प्रकरणाचा नीट अभ्यास कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. संपादनाचे हुकूम, महसुली फेरफार, संरक्षण खात्याचा पत्रव्यवहार, ग्रामसभांचे ठराव हे सगळं एकत्र ठेवलं तर लोकशाही आणि लष्कर यांच्यावरचा एक पक्का प्रबंध उभा राहील, आणि तोही डोंबिवलीहून रिक्षाने पोहोचता येईल अशा अंतरावर. श्रोत्यांत राज्यशास्त्राचे विद्यार्थी असतील तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. कागद कुठे कुठे मागायचे याची एक यादी मी करून आणली आहे.