खपून जाणाऱ्या तारखा



०५/०३/२०२४. पुण्यात किंवा पणजीत कुणीही ही तारीख पाच मार्च अशीच वाचेल. अमेरिकेत तीच तीन मे होते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीची मूळ भाषा सहसा अमेरिकी इंग्रजी असते. ती कुणी बदलली नसेल, तर भारतातल्या कार्यालयातही तो महिनाच आधी वाचतो.

१३/०३/२०२४ दिली की सर्व्हर अडतो. तेरावा महिना नसतोच, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते. खरा धोका प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत आहे, कारण या तारखा दोन्ही रीतींनी वैध ठरतात. एक जानेवारी, दोन फेब्रुवारी अशा बारा तारखा उलटवल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा मात्र दरवर्षी बिनबोभाट चुकीच्या नोंदवल्या जाऊ शकतात. बाळाच्या लसीची तारीख किंवा पेन्शनचा पहिला दिवस यांपैकी एखाद्या दिवशी पडला, तर त्याची झळ माणसाला बसते.

अनेक स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसात साठवलेल्या आदेशसंचांमध्ये, तारखेच्या तपासणीसाठी ‘इजडेट’ हे फंक्शन वापरतात. मिळालेला मजकूर तारीख म्हणून वाचता येतो का, एवढेच ते सांगते, आणि तेही त्या वेळच्या भाषेच्या सेटिंगनुसार. नुसते ‘२००७’ लिहिले तरी ते होकार देते.

सर्वांत भक्कम उपाय म्हणजे प्रोसिजरचा पॅरामीटरच ‘डेट’ प्रकारचा ठेवणे. मजकूरच येणार असेल, तर २०१२च्या आवृत्तीपासून मिळणारे ‘ट्राय कन्व्हर्ट’ वापरावे आणि त्याला १०३ हा शैली क्रमांक द्यावा. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष हा क्रम त्यामुळे पक्का होतो. रूपांतर जमले नाही तर हाती ‘नल’ म्हणजे रिकामी किंमत येते. ती तशीच टेबलात जाऊ न देता प्रोसिजरने तिथेच एरर द्यावी.

कोऱ्या मजकुराचे रूपांतर केले, तर एसक्यूएल सर्व्हर एक जानेवारी १९०० ही तारीख देतो! म्हणून मिळालेली तारीख पुन्हा मजकुरात बदलून मूळ मजकुराशी ताडून पाहावी.

दोन यंत्रणांमधल्या देवाणघेवाणीसाठी २०२४०३०५ असे सलग आठ अंक वापरावेत. कोणत्याही भाषेच्या सेटिंगमध्ये त्यांचा अर्थ बदलत नाही.

प्रोग्रॅमर मित्रमैत्रिणींना एक विनंती. चाचणी घेताना पंचवीस तारखेवर समाधान मानू नका. पाच मार्च घाला आणि टेबलात ती पाच मार्च म्हणूनच उतरली आहे ना, हे स्वतः उघडून पाहा.