नववी नापास आणि हेलिकॉप्टर
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख १९८४च्या दहावीच्या तुकडीचा विद्यार्थी अशी करून दिली. ती निम्मीच खरी आहे. १९८३ साली नववीत मी गणितात नापास झालो. तुम्ही सगळे वरच्या मजल्यावर गेलात, मी खालीच राहिलो. संयोजकांनी तरीही मला याच मेळाव्याला बोलावलं, म्हणून ही गोष्ट इथेच सांगावी असं ठरवलं. ती आहे हेलिकॉप्टरच्या परीक्षेची.

खरं हेलिकॉप्टर नव्हे, रिमोटवर उडणारं. पण खेळणंही नव्हे. माझ्या मॉडेलची पाती कार्बन फायबरची आहेत आणि मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेतात. बोट मध्ये आलं तर बोट जातं. मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. तिथे ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशन नावाची संस्था आहे, ती 'ए' आणि 'बी' अशी प्रमाणपत्रं देते. 'ए' नसेल तर बरेच क्लब तुम्हाला देखरेखीशिवाय उडवू देत नाहीत. पन्नाशी उलटल्यावर मला हा नाद लागला, आणि मी त्या परीक्षेचा अर्ज भरला.

कागदावर परीक्षा सोपी दिसते. हेलिकॉप्टर डोळ्यांच्या उंचीवर उचलायचं आणि साधारण वीस सेकंद एका जागी धरायचं. मग सावकाश पुढे, सावकाश मागे, मग आडवं. शेवटी मोठे इंग्रजी आठ काढायचे आणि जिथून उचललं तिथे उतरवायचं. वीस सेकंद म्हणजे काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. विमानाचं मॉडेल नीट जुळवलेलं असेल तर दांड्या सोडल्या तरी थोडा वेळ आपलं आपण जातं. हेलिकॉप्टर तसं नाही. तळहातावर उभी काठी तोलतो ना आपण, तसं ते क्षणाक्षणाला सावरावं लागतं. डाव्या दांडीवर उंची आणि शेपूट, उजव्या दांडीवर पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे. एक हलवली की बाकीचं बिघडतं. शेपूट आपल्याकडे असेपर्यंत निभतं, पण नाक आपल्याकडे वळलं की त्याचं उजवं ते आपलं डावं होतं. घाईत हात चुकीच्या बाजूला जातो, आणि ते चुकीचं ढकलणंच त्याला आणखी दूर नेतं.

पहिले तीन महिने मी संगणकावरच्या सिम्युलेटरमध्येच होतो. तिथे दिवसाला वीस वेळा आपटलं तरी खर्च शून्य. मग मैदानावर, हेलिकॉप्टरच्या खाली टोकाला चेंडू लावलेल्या चार काड्यांची फुली बांधून, म्हणजे उतरताना कलंडू नये. एका बॅटरीत सहा-सात मिनिटं मिळतात.

इथे मला आपले गणिताचे सर आठवायचे. नापास झाल्यावर त्या वर्षी ते मला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे आणि फळ्यावर एकच गणित द्यायचे. दुसरं मागितलं तरी देत नसत. मीही तसंच केलं. एका बॅटरीत एकच गोष्ट. आज फक्त आडवं डावीकडे. सर आज समोर बसले आहेत, त्यांना हे माहीत नव्हतं.

तरी मी पहिल्या वेळी नापास झालो. वारा होता, पण तो बहाणा नको. आडवं नेताना हेलिकॉप्टर माझ्याकडे सरकू लागलं, मी घाबरून हात घट्ट केले, आणि ते सुरक्षिततेच्या रेषेच्या आत आलं. परीक्षकांनी शांतपणे उतरवायला सांगितलं. "आज नको, पुन्हा या," एवढंच म्हणाले. मी मॉडेल गाडीत ठेवलं आणि अर्धा तास तिथेच बसून राहिलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, आणि पोटात अगदी नववीच्या निकालासारखं झालं होतं.

घरी मुलगी आली होती. आमचं दोघांचं फारसं बरं नव्हतं. तिच्या 'ए लेव्हल'च्या निकालाच्या दिवशी मी तिला जे बोललो, ते या मंचावर सांगण्यासारखं नाही. त्यानंतर ती फोनवरही कामापुरतंच बोलायची. त्या संध्याकाळी मी तिला आधी हेलिकॉप्टरचं सांगितलं, आणि मग, कसं कोण जाणे, नववीचंही सांगून टाकलं. आयटीआय, डिप्लोमा, नोकरी, परदेश हे सगळं तिला माहीत होतं. नववी माहीत नव्हती. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, हे तेव्हा सांगितलं असतं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पुढचे तीन आठवडे तीच तोंडी परीक्षा घ्यायची. 'ए'साठी सुरक्षिततेवर निदान पाच प्रश्न विचारतात. ट्रान्समीटर आधी चालू करायचा की बॅटरी आधी जोडायची? (ट्रान्समीटर आधी.) सिग्नल तुटला तर मोटर बंद होते का, हे तपासलं का? खरं हेलिकॉप्टर खालून येताना दिसलं तर? ताबडतोब खाली घ्यायचं आणि उतरवायचं. ऑपरेटर क्रमांक मॉडेलवर चिकटवला आहे का? माझी उत्तरं लांबली की ती म्हणायची, "मुद्द्याचं बोला." हे वाक्य कुणाचं आहे ते आपल्या मराठीच्या बाईंना कळलं असेलच. ते मी तिला लहानपणी ऐकवायचो.

दुसऱ्या वेळी ती कुंपणाबाहेर उभी होती. वारा तेवढाच होता. आडवं नेताना हेलिकॉप्टर पुन्हा थोडं सरकलं, पण या वेळी मी बोटं सैल सोडली आणि ते थांबलं. आठ जरा वाकडेच आले. परीक्षकांनी हात पुढे केला.

मॉडेल इथे आणायचं फार मनात होतं. पण एवढ्या मोठ्या लिथियम बॅटऱ्या विमानातून न्यायच्या तर आधी परवानगी, वर कस्टमची कटकट, म्हणून राहिलं. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर दाखवतो. मुलीनेच काढलंय. शेवटी पडदा हलतो आणि कुणीतरी मराठीत ओरडतं, ती तीच आहे.