शरदाचे महिने आणि आपले नवे घर
(निलंगा येथे वर्षावासाच्या कार्यक्रमात नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपणांपैकी कित्येकांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे. प्रतिज्ञा उच्चारण्यास फारसा वेळ लागत नाही. परंतु भाद्रपद लागला म्हणजे घरातील बाईला प्रश्न पडतो. गौरी नाहीत, पितृपंधरवडा नाही, घट नाहीत. मग करावयाचे काय? या प्रश्नाचे शास्त्रोक्त उत्तर देण्याची माझी योग्यता नाही. आमच्या घरी काय घडले, तेवढेच सांगते.

माझ्या सासऱ्यांनी 1956 नंतर दीक्षा घेतली होती. तथापि आमच्या जुन्या माळवदाच्या घरात भिंतीतली देवळी होती आणि त्या देवळीत देवही होते. बाहेर जयभीम, आत देवळी, अशी कित्येक घरे तेव्हा होती. ते लपविण्यात अर्थ नाही. पुढे 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून गाव उशिरा झोपले होते. चार वाजण्यास चार मिनिटे कमी असताना धरणी हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद निजलेल्या माणसांवर कोसळले. या भागात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांची माहेरपणाला आलेली थोरली लेक व तिचे लेकरू त्यांत गेले. भूकंपाने आमच्या घरातले देव काढले, असे कोणी म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. भूकंपाने माणसे काढली.

दोन-अडीच वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढल्यावर नव्या गावठाणात घर मिळाले. अडीचशे चौरस फूट. घराचे माप जमिनीवरून ठरले होते: भूमिहीनास व हेक्टरभराच्या आत जमीन असलेल्यास अडीचशे, सात हेक्टरांपर्यंत चारशे, त्याहून अधिक असलेल्यास साडेसातशे. आम्ही माणसे आठ होतो. परंतु मोजदाद माणसांची नव्हती. असो. त्या घराच्या भिंती सपाट होत्या, देवळी नव्हती. आत्याबाई कितीतरी दिवस त्या भिंतीकडे पाहत बसत.

नव्या घरातला पहिलाच सर्वपित्री अमावास्येचा दिवस. आत्याबाईंनी कोणास न सांगता पहाटे खीर शिजविली व घरामागे पान वाढून ठेवले. माझ्या यजमानांनी ते पाहिले. श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतील एक प्रतिज्ञा होय. ते प्रतिज्ञेस पक्के, तसेच रागासही. त्यांनी पान उचलून उकिरड्यावर ओतले. आत्याबाई भांडल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी अन्नास हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "लेक उपाशी हाय का न्हाई, मला ठावं न्हाई. पर मी तिला इसरले न्हाई, हे मी कुणाला दावू?"

भगिनींनो, या प्रश्नापुढे मी निरुत्तर झाले. प्रतिज्ञा खरी होती आणि आईचा प्रश्नही खरा होता. जुने काढून टाकणे हे अर्धेच काम आहे. काढलेल्या जागी हातांना काही काम दिले नाही, तर हात पुन्हा जुन्याकडेच जातात.

ढिगाऱ्यातून काढलेल्या कपड्यांचे एक गाठोडे आमच्याकडे तसेच बांधलेले होते. त्यात नणंदेची दोन लुगडी व बाळाचे एक अंगडे होते. त्या दुपारी मी ते आत्याबाईंपुढे सोडले आणि म्हटले, याची वाकळ शिवू या. प्रथम त्या रडल्या. मग सुई मागितली. नंतर विहारात भन्तेजींनी सांगितले की, भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच शिवतात. मगधातील बांध घातलेली शेते पाहून आनंदाने त्याची आखणी केली होती. हे ऐकून आत्याबाईंना आपल्या वाकळीचा मोठा अभिमान वाटू लागला. टाके घालताना त्या लेकीवर ओव्या रचून म्हणत. जाते ढिगाऱ्याखाली गेले होते, ओवी मात्र राहिली होती.

तेव्हापासून आमच्या घरी भाद्रपद पौर्णिमेस वाकळ मांडतात व आश्विन पौर्णिमेस, म्हणजे वर्षावास संपतो त्या दिवशी, शेवटचा टाका घालतात. सायंकाळी शिवण चालू असता मुलांपैकी एकाने 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातील दोन पाने वाचावयाची. वाचताना मुले अडखळतात, वडीलमाणसे पेंगतात, चालावयाचेच. तयार झालेली वाकळ वसतिगृहात शिकणाऱ्या एखाद्या गरजू मुलास द्यावयाची. पहिली मात्र आत्याबाईंनी दिली नाही, आम्हीही मागितली नाही.

मुलांचे काम निराळे. ती काळी माती कालवून अंगणात सांचीचा स्तूप करतात. दरवर्षी तो एका बाजूला कलतो. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, नारिंगी असे कागद कापून पंचशील ध्वजाची माळ लावतात. दीक्षेचा दिवस विजयादशमीस मानावा की 14 ऑक्टोबरला, यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. 1956 साली दोन्ही एकाच दिवशी आल्याने हा घोळ आहे. आम्ही दोन्ही दिवशी शुभ्र वस्त्रे नेसतो, वंदना घेतो व खीर करतो. मुलांची त्याविषयी तक्रार नाही.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू पवारणा करतात. म्हणजे माझा काही दोष तुम्ही पाहिला, ऐकला वा तुम्हांस त्याची शंका आली असेल, तर सांगा, असे एकमेकांस विनवितात. हे ऐकून त्या पहिल्या वर्षीच यजमानांनी पौर्णिमेच्या रात्री घरात सर्वांना बसविले व आईपुढे हात जोडून आपला दोष विचारला. आम्हांस वाटले, त्या काही बोलणार नाहीत. त्या म्हणाल्या, "अन्न उकिरड्यावर वतलंस, ते चुकलं. नको व्हतं तर कुत्र्याला तरी घालायचं व्हतंस." यजमान म्हणाले, "चुकलं, आई." मग आत्याबाईंनीही आपला दोष सांगितला: पान चोरून मांडले, विचारले नाही. त्या रात्री घरात प्रथमच मोकळेपणी जेवण झाले.

आत्याबाई आता नाहीत. त्यांच्या लुगड्यांची वाकळ या वर्षी मांडली आहे व ती अर्ध्यावर आली आहे. पुढील रविवारी दुपारी मी ती येथे विहारात घेऊन येईन. ज्या भगिनींना शिकावयाचे असेल त्यांनी आपल्या घरची जुनी सुती लुगडी धुऊन आणावीत. नायलॉनची आणू नयेत. त्यांत टाका बसत नाही.

जयभीम.