पवनचक्कीशेजारची रात्र

साताऱ्याहून ठोसेघरच्या वाटेने चाळकेवाडीच्या पठारावर गेलात, म्हणजे पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा दिसतात. पाहुण्याला त्यांचे कौतुक वाटते, आणि ते रास्तच आहे. धूर नाही, राख नाही! पण पाहुणा संध्याकाळी परततो. कुठल्याही चक्कीशेजारी ज्याचे घर आहे, त्याला रात्र तिथेच काढायची असते.

चक्कीचा आवाज मुख्यतः पात्यांचा. दुरून ती संथ फिरते असे वाटते खरे; पण ४० मीटर लांबीचे पाते मिनिटाला १७ फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने हवा कापत असते. पाती तीन; म्हणजे सेकंदाला जवळजवळ एकदा 'सूं... सूं...'. एकसारख्या पावसात झोप लागते. गळका नळ मात्र जागा ठेवतो. तसेच हे.

तुम्ही म्हणाल, वाऱ्याने झाडेही सळसळतात, त्यात हा आवाज बुडत नाही का? दिवसा पुष्कळसा बुडतो. पण निरभ्र रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होऊन बसते. अंगणात पान हलत नाही, आणि वर पात्यांच्या उंचीवर वारा जोरात! गाव चिडीचूप, चक्की चालू. डच-जर्मन सीमेवरील चक्क्यांजवळ मोजमाप करून वान डेन बर्ग या डच शास्त्रज्ञाने २००४ साली हेच दाखवले.

याने माणूस आजारी पडतो काय? इथे अतिशयोक्ती नको. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१४ साली आपल्या पाहणीचे निष्कर्ष सांगितले. आवाज वाढतो तसे वैतागलेले लोक वाढतात, हे त्यात दिसले. आजारांशी मात्र संबंध आढळला नाही. पण वैताग म्हणजे काही ढोंग नव्हे.

आपल्याकडे २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली आहे. पण दुपारी घेतलेला आकडा रात्रीची साक्ष कशी देणार? म्हणून मोजणी रात्री व्हावी, घराच्या ओट्यावर व्हावी. गरज पडेल तिथे रात्री पात्यांचा वेग कमी करता येतो. वीज थोडी कमी मिळेल, इतकेच. आणि चक्की कुठे उभारायची, हे ठरवण्याआधी गावाला विचारावे. वीज सर्वांना हवी, पण तिच्यासाठी चार घरांनीच जागे का राहावे?