गोंगाट गाळू नका



स्वागताध्यक्षाने आधी गावाची थोरवी गायची असा रिवाज आहे. तो मी थोडक्यात उरकतो. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं लहानपण रोह्यात गेलं. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचेच. मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि कोकण रेल्वे तिथून सुरू होते. पेणचे पोहे आणि पापड यांची ओळख मी करून देत नाही, ती दुपारी पानात होईल.

दूर बसून संगणक चालवताना यूएसबीवरचा आवाज आणि चित्र वेळेवर कसं पोचवायचं, असा या परिषदेचा विषय. तो मुंबई-पुण्यात न घेता इथे का घेतला, असं काहींनी विचारलं. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचं पेट्रोरसायन संकुल आणि धाटावची एमआयडीसी ही सगळी पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत आहेत. शिफ्टचा माणूस प्लॅन्टवर असतो, जाणकार इंजिनिअर मुंबईत, आणि यंत्र बनवणारा कधी कधी परदेशात. रात्री दोन वाजता तिघांनी एकच पडदा पाहायचा असतो. हे आमचं रोजचं काम आहे.

अशा वेळी चित्र किती सुंदर दिसतं याला फारसा अर्थ नाही. ते किती जुनं आहे हे महत्त्वाचं. दूर बसलेल्या माणसाने व्हॉल्व्हच्या चिन्हावर क्लिक केलं, पडद्यावर काही हललं नाही, म्हणून त्याने पुन्हा क्लिक केलं. पहिल्या क्लिकने उघडलेला व्हॉल्व्ह दुसऱ्या क्लिकने बंद झाला. यंत्र बरोबर, माणूसही बरोबर. चित्र तेवढं दोन सेकंद शिळं.

यूएसबी १९९६ साली आली तेव्हाच हा प्रश्न तिच्या कर्त्यांनी ओळखला होता. पेनड्राइव्हचा मजकूर एक वेळ उशिरा चालेल, पण त्यातला एक बिटही हरवता कामा नये. तुकडा खराब निघाला तर तो पुन्हा मागवला जातो. माइक आणि कॅमेऱ्याचा कारभार बहुधा उलटा असतो. त्यांच्यासाठी ठरावीक अंतराने जागा राखून ठेवलेली असते, आणि तुकडा खराब झाला तर तो गेला, पुन्हा मागायचा नाही. आमची दिवा–रोहा गाडी जशी वेळ झाली की सुटते, फलाटावर धावत येणाऱ्यासाठी थांबत नाही, तसं हे आहे. साध्या यूएसबी माइकमध्ये दर मिलिसेकंदाला एक खेप निघते. सेकंदाला ४८ हजार नमुने घेत असाल तर प्रत्येक खेपेत ४८. सीडीच्या ४४,१०० च्या हिशेबात मात्र नऊ खेपा ४४ च्या आणि दहावी ४५ ची. एवढी काटेकोर शिस्त.

आणि आपण काय करतो? ती यूएसबी जशीच्या तशी नेटवर्कवर चढवतो. लिनक्समध्ये यूएसबी-आयपी नावाची सोय आहे, तीत सगळा माल टीसीपीवरून जातो. टीसीपी एकही तुकडा सोडत नाही. हरवलेला परत येईपर्यंत मागचे सगळे खोळंबतात. म्हणजे माइक आणि कॅमेऱ्यासाठी मुद्दाम आखलेली शिस्त वाटेतच मोडली. प्रिंटर किंवा लायसन्सची किल्ली यांच्यासाठी ही सोय उत्तम. वेबकॅमसाठी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज आणि चित्र त्या टोकालाच उतरवून घ्यावं, तिथेच दाबून लहान करावं आणि मग वेळेला बांधील अशा वाटेने पाठवावं. रास्पबेरी पायवर चालणारं पायकेव्हीएम हेच करतं.

दाबून लहान करण्यावाचून इलाजही नाही. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा, काहीही न दाबता पाठवायचं म्हटलं तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट लागतात. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट. म्हणून बाजारातला स्वस्त कॅप्चर डोंगल प्रत्येक चित्राचं जेपीईजी करून पुढे ढकलतो.

घड्याळांचा घोळ वेगळाच. माइकच्या आतला स्फटिक आणि ऐकणाऱ्याच्या साउंड कार्डातला स्फटिक कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दोघांत दहा लाखांत फक्त ५० चा फरक धरा. तासाभरात १८० मिलिसेकंद, आठ तासांच्या शिफ्टअखेर जवळजवळ दीड सेकंद. पाच मिनिटांच्या चाचणीत हे कुणालाच दिसत नाही, म्हणून प्रात्यक्षिक नेहमी यशस्वी होतं.

आता मला ज्याबद्दल सर्वांत जास्त बोलायचं आहे ते: आवाज. प्लॅन्टवरचे जुने ऑपरेटर बेअरिंगच्या घरावर पेचकस टेकवून त्याच्या मुठीला कान लावतात. पंपाला पुरेसं पाणी मिळत नसेल तर मीटरकडे पाहण्याआधी त्याचा खडखडाट त्यांना कळतो. ही विद्या दूर पाठवायची म्हणून आपण यूएसबी माइक लावतो आणि तो मीटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडतो. ते सॉफ्टवेअर माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेलं. मागे सतत चालणारी घरघर म्हणजे गोंगाट, असं समजून ते ती पुसून टाकतं. पंपाचा आवाज हीच तर ती घरघर! दूरच्या इंजिनिअरला ऐकू येते शांतता, आणि ऑपरेटर ओरडून सांगतोय, ‘साहेब, ऐका ना.’ बरं, गोंगाट गाळणं बंद केलं तरी भागत नाही. टेलिफोनच्या जुन्या पद्धतीने सेकंदाला आठ हजार नमुने घेतले तर चार किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलं, आणि बेअरिंग बिघडायला लागल्याची पहिली चाहूल बरेचदा त्याच्या वरच लागते.

काय गोंगाट मानायचा आणि काय नोंद, हे आपल्या जिल्ह्याने फार पूर्वी पाहिलं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणताच कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागला हलवलं गेलं. तिथे गोंगाट गाळत बसण्यापेक्षा साधनच दूर नेलं. आपल्याला यंत्रापासून दूर जाता येत नाही, कारण आपल्याला त्याचाच आवाज हवा आहे.

रंगांचंही असंच. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत आता परगावचं गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर मूर्ती पाहतं. मूर्तिकाराने डोळ्यांची आखणी केसागत बारीक केलेली असते. पलीकडे ती पुसट, आणि पितांबराच्या काठाचा रंग फुटलेला. नेहमीच्या व्हिडिओत चार ठिपक्यांत मिळून एकच रंग पाठवतात, काठाचा रंग फुटतो तो त्यामुळे. कंट्रोल रूमच्या काळ्या पडद्यावरची लाल अक्षरंही याच कारणाने फिसकटतात. मायक्रोसॉफ्टने २०१६ च्या सुमारास आपल्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पूर्ण रंगांची सोय दिली, ती चालू आहे का हे जाऊन तपासा.

कीबोर्डाचा नियम मात्र कॅमेऱ्याच्या उलट. कळ दाबल्याचा निरोप पोचला आणि सुटल्याचा हरवला, तर पलीकडच्या संगणकाला ती कळ दाबलेलीच वाटते. तेव्हा संपर्क तुटताच सगळ्या कळा सुटल्या असं धरलं पाहिजे. संपर्क तुटणार हे तर आम्ही गृहीतच धरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या जिल्ह्यातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून जागेवरच्या माणसाच्या हाताशी यंत्राचं बटण हवं, आणि दूरच्याची पाहण्याची वाट चालवण्याच्या वाटेपासून वेगळी हवी. ज्याला नुसतं पाहायचं आहे त्याला माउस कशाला द्यायचा?

भोजनाची आणि मुक्कामाची व्यवस्था कार्यकर्ते पाहत आहेत. उणं काही आढळलं तर थेट मला सांगा. निबंध वाचणाऱ्यांना मात्र यजमान म्हणून एक विनंती आहे. कॅमेऱ्यासमोर चालू स्टॉपवॉच धरा, ते स्टॉपवॉच आणि पलीकडचा पडदा या दोघांचा एकाच चौकटीत फोटो काढा, आणि दोन आकड्यांतला फरक आपल्या पहिल्या स्लाइडवर लिहा. आणि ती चाचणी पाच मिनिटं नको, पूर्ण शिफ्टभर चालवलेली असू द्या.