स्वस्त मुलखाची ओढ



या उन्हाळी व्याख्यानमालेसाठी विषय ठरला, ‘स्वस्त देशात घर घ्यावं का?’ तिसगावात हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण तुमच्यातल्या कुणाचा मुलगा पुण्यात असेल, कुणाचा भाचा दुबईत, आणि त्यांच्या मोबाइलवर ‘पुण्यातल्या वन-बीएचकेच्या पैशात समुद्रकाठी फ्लॅट’ अशा जाहिराती रोज येत असतील. मी मात्र सुरुवात दुबईपासून न करता कोपरगावापासून करतो.

सासवडचे माळी हे पिढीजात बागाईतदार. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास बारामतीकडे आलं, तशी त्यांतली कुटुंबं पाण्यामागे निघाली. पुढे आपल्या जिल्ह्यात कोपरगावाकडे गोदावरीचे कालवे झाले, १९२६ ला भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेचं पाणी फिरलं; तिथेही ते पोचले. जमीन खंडाने सहज मिळत होती. का? कारण मूळ मालक ज्वारी-बाजरीवाला. पाणीपट्टी, पेंड, उसाला लागणारा रोख पैसा त्याला झेपत नव्हता, शिवाय पाण्याने जमीन चोपण होईल ही धास्ती. ती धास्ती काही खोटी नव्हती. कालव्याखाली जमिनी खरंच खारावल्या. सासवडकराकडे उसाची विद्या होती, गुळाच्या पेढीवर पत होती. एकाच रानाकडे दोघं बघत होते आणि दोघांचा हिशेब वेगळा होता. याच सासवडकरांनी १९३२ साली अकलूजजवळ माळीनगरला स्वतःच्या भांडवलावर साखर कारखाना काढला.

आता हीच गोष्ट जमीन देणाऱ्याच्या ओट्यावर बसून ऐका. श्रीरामपूरकडची हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा कारखाना अशांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेतल्या. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला आणि कारखान्यांच्या ताब्यातली ती जमीन सरकारकडे गेली. १९६३ ला शेती महामंडळ निघालं. मूळ मालकांना नाव पडलं ‘खंडकरी’. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि जमिनी परत मिळू लागल्या त्या २०१२ साली. आजोबाने अंगठा दिला, सातबारा नातवाच्या हाती आला. काहींच्या तर तोही नाही.

म्हणून कुठलाही मुलूख स्वस्त आहे असं कुणी म्हणालं, की मी विचारतो, कुणाला स्वस्त? ज्याची कमाई दुसऱ्या, महागड्या गावातून येते त्याला. तिथेच राबून तिथेच खाणाऱ्याला तो कधीच स्वस्त नसतो, आणि बाहेरचा पैसा आला की त्याची स्वतःच्याच गावात घर बांधायची ऐपत आधी जाते. पंजाबातले काही शेतकरी मागे जॉर्जिया देशात गेले; तिथं शेती पंजाबच्या मानाने मातीमोल. स्थानिक लोक बिथरले. २०१३ ला परक्यांना शेतजमीन विकण्यावर बंदी आली आणि नंतर ती बंदी राज्यघटनेतच गेली. आपल्याला नवल वाटायला नको. आपल्या कूळकायद्याचं कलम ६३ तरी काय सांगतं? शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही.

तरीही पोराला बाहेर फ्लॅट घ्यायचाच असेल तर जरूर घेऊ दे. हौसेला मी आडवा येणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने भारतात राहणाऱ्याला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. थायलंडमध्ये परक्याला सहसा जमीन घेता येत नाही. फ्लॅट मिळतो, तोही इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्राच्या मर्यादेत. इथे कर भरणाऱ्याने बाहेरचं घर विवरणपत्रात दाखवायचं. लपवलं तर २०१५ च्या कायद्याने दहा लाखांचा दंड बसू शकतो. दलाल यातलं निम्मंच सांगतो. आधी वर्षभर भाड्याने राहून बघा म्हणावं. तिथला दवाखाना, तिथला पावसाळा, शेजारी कोण, हे जाहिरातीत नसतं.

एक शेवटचं. आपल्या गावावरून कल्याण-नगर-पाथर्डी राष्ट्रीय महामार्ग जातो. मुंबई-पुण्याचा माणूस गाडी थांबवून ‘इथं गुंठा काय भाव?’ असं विचारतो, तेव्हा त्याच्या लेखी स्वस्त देश म्हणजे तिसगाव. विकायला माझी हरकत नाही, पण लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याचा कागद कुणी पुढे केला, तर सहीच्या आधी एखाद्या खंडकऱ्याच्या घरी जाऊन बसा. श्रीरामपूर इथून काही लांब नाही.