जळालेली सिम्फनी आणि सोळा हंस

हेडफोन लावले असतील तर बरंच आहे, कारण शेवटी एक गोष्ट कान देऊन ऐकायची आहे.

आज फिनलंड. आपल्याला हा देश ठाऊक आहे तो नोकियामुळे, नाहीतर अँग्री बर्ड्समुळे. (पक्षी आजही आहेत, पण रागावलेले नाहीत.) तिथल्या लोकांना विचाराल तर एक नाव हमखास येतं, जाँ सिबेलियस. जन्म 1865. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता. 1899 मध्ये झारनं फिनिश लोकांचे अधिकार आवळले आणि त्याच वर्षी सिबेलियसनं ‘फिनलांडिया’ची धून लिहिली. ती कधीकधी नाव बदलून वाजवावी लागायची, म्हणजे बघा!

पण मला बोलायचंय ते त्याच्या गप्प बसण्याबद्दल.

21 एप्रिल 1915. सकाळी अकराच्या सुमाराला त्याला आकाशात सोळा हंस दिसले. डायरीत तो अक्षरशः भारावून लिहितो. पाचव्या सिम्फनीच्या शेवटी हॉर्नवर जी झुलणारी धून येते ना, तिचं या हंसांशी नातं आहे. ही सिम्फनी त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी वाजली, कौतुक झालं. तरी गड्याचं समाधान नाही! 1919 पर्यंत तो ती बदलतच राहिला.

हा स्वभाव लक्षात ठेवा. 1924 मध्ये सातवी सिम्फनी आली, 1926 मध्ये ‘तापिओला’. त्यानंतर मोठं असं जवळजवळ काहीच नाही. 1957 मध्ये तो गेला, म्हणजे तीस वर्षं! अमेरिकेत बॉस्टनचा कंडक्टर कुसेविट्स्की आठव्या सिम्फनीची वाट बघत होता आणि इकडून नुसते वायदे. शेवटी 1940 च्या दशकात कधीतरी सिबेलियसनं कपड्यांच्या टोपलीत भरून आणलेली हस्तलिखितं घरातल्या फायरप्लेसमध्ये टाकली. आठवी सिम्फनीही त्यातच गेली, असं मानतात. बायकोला, आइनोला, ते बघवेना. ती खोलीतून निघून गेली. पण नंतर नवरा शांत झाला, मोकळा झाला, असं तिनंच सांगितलंय.

बरेच जण याला शोकांतिका म्हणतात. मला तसं वाटत नाही. अख्खा देश ज्याच्याकडे डोळे लावून बसलाय, त्यानं ‘हे माझ्या मनासारखं नाही’ म्हणायला छाती लागते.

आणि गोष्ट इथे संपतही नाही. 1955 मध्ये, त्याच्या नव्वदीच्या निमित्तानं, एका तरुण फिनिश संगीतकाराला अमेरिकेत शिकायला स्कॉलरशिप मिळणार होती. निवड सिबेलियसनं करायची होती. त्यानं निवडलं एइनोयुहानी राउतावारा याला.

या राउतावारानं 1972 मध्ये ‘कांतुस आर्क्तिकुस’ लिहिलं. हा पक्षी आणि ऑर्केस्ट्रा यांचा कॉन्चेर्तो! उत्तरेकडच्या दलदलीत टेपवर रेकॉर्ड केलेले खरे पक्षी यात गातात. एका पक्ष्याचा आवाज तर इतका खाली उतरवलाय की तो भुतासारखा वाटतो. तिसऱ्या भागात येतात हंस. सिबेलियसनं हंस पाहून धून लिहिली, याने थेट हंसांनाच वाजवायला बसवलं.

तोच तिसरा भाग आज लावा. सुरुवातीला व्हॉल्यूम फार वाढवू नका, ऑर्केस्ट्रा हळूहळू चढत जातो. शेवटी वाद्यं आणि हंस दोन्ही लांब लांब जातात. आवाज पूर्ण विरेपर्यंत पुढचं गाणं लावायचं नाही, एवढंच!